साडेसातची मॅच कुणाच्या सोयीची?

२९ मे २०२३ ची रात्र. खरं तर घड्याळात ३० मे लागून दीड तास झाला होता. अहमदाबादला आयपीएलची फायनल चालू होती आणि इंदापूर तालुक्यात आमच्या उसाला पाणी चालू होतं. त्या आठवड्यात लाइट रात्रपाळीची. आण्णा, म्हणजे माझे धाकटे चुलते, खोरं घेऊन दारं धरत होते आणि मी बांधावर मोबाइल धरून उभा. दोन चेंडूंत दहा धावा हव्या होत्या. जडेजानं सिक्स मारला. मी ओरडलो. आण्णा लांबून म्हणाले, "संपली का रं? संपली आसंल तर हिकडं ये, सरी फुटलीया." मी सरीकडं पळालो. चेन्नईला जिंकून देणारा चौकार बघायचा राहिलाच.

त्या रात्री अहमदाबादला पाऊस पडला म्हणून उशीर झाला, हे मान्य. पण पाऊस नसतानाही ही मॅच अकरा-साडेअकराच्या आत संपत नाही. पूर्वी रात्री आठला सुरू व्हायची, २०२० पासून साडेसातला होते. ही वेळ खेळाडूंच्या सोयीची नाही, सकाळची शाळा गाठणाऱ्या पोरांच्या तर नाहीच. जाहिरातीला सगळ्यात जास्त भाव त्या तासांना मिळतो, म्हणून ती मॅचची वेळ आहे.

भाव किती, तेही बघा. जून २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले, ४१० सामन्यांसाठी. म्हणजे एका सामन्याला ११८ कोटी आणि षटकं पूर्ण पडली तर एका चेंडूला साधारण ४९ लाख. एवढे पैसे मोजणारा माणूस वेळ दुसऱ्याला ठरवू देईल, असं आपण का समजावं? २००९ पासून मॅचच्या मधोमध 'स्ट्रॅटेजिक टाइम-आउट' आला. त्यात स्ट्रॅटेजी किती आणि साबणाच्या जाहिराती किती, हे ज्यानं त्यानं मोजावं.

हे सगळं मी बारामती लोकसभा मतदारसंघात बसून लिहितोय, याला अर्थ आहे. आमच्याकडं 'साहेब' म्हटलं की आडनाव सांगावं लागत नाही. शरद पवार नोव्हेंबर २००५ मध्ये बीसीसीआयचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २००६ मध्ये निंबस कंपनीनं चार वर्षांचे हक्क ६१ कोटी २० लाख डॉलर्सना घेतले. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, तिचे दहा वर्षांचे हक्क शंभर कोटी डॉलर्सच्या वर गेले. तेव्हा साहेब देशाचे कृषिमंत्रीही होते. पुढं ते आयसीसीचेही अध्यक्ष झाले. आम्हाला केवढा अभिमान! आमचा माणूस जगाचं क्रिकेट चालवतो, म्हणून पारावर छाती फुगवणाऱ्यांत मीही होतो. हा पैसा वाया गेला, असं मी आजही म्हणणार नाही. खेळाडूंची पोटं भरली, मैदानं झाली, २०२२ मध्ये बायकांच्या संघाला पुरुषांइतकी मॅच फी जाहीर झाली. बारामतीच्या स्टेडियमवर २०२० मध्ये रणजी सामना झाला, तो याच काळातला. पण वेळापत्रक विकताना प्रेक्षकाला विचारायची सोय कुणी ठेवली नाही. कृषिमंत्री आणि क्रिकेटचा अध्यक्ष एकच असताना शेतकऱ्याच्या रात्रीचा विचार झाला नाही, तर तो कधी व्हायचा?

कुणी म्हणेल, विकणाऱ्यानं विकलं, घेणाऱ्यानं घेतलं, तुझं काय गेलं? याचं उत्तर आमच्या कालव्यातच आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरला येतं. त्याचं आवर्तन कधी सोडायचं, हे ठरवायला कालवा सल्लागार समिती असते. तिथं भांडणं होतात, 'टेल'च्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून मोर्चे निघतात, मोठ्यांचं ऐकलं जातं, सगळं खरं. पण पाणी सगळ्यांचं आहे आणि त्याची वेळ हा चारचौघांत ठरवायचा विषय आहे, हे तिथं कुणी नाकारत नाही.

लहरींचंही तसंच आहे, आणि हे माझं मत नाही. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना कोर्टात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं. क्रिकेटवाल्यांनी त्या निकालातला दूरदर्शनची मक्तेदारी मोडणारा भाग तेवढा घरी नेला. मक्तेदारी सरकारची नको तशी खाजगीही नको, हा भाग कोर्टातच राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये टीव्हीचे हक्क घेणारी आणि मोबाइलचे हक्क घेणारी अशा दोन्ही कंपन्या एक झाल्या. २०२३ आणि २०२४ ला मोबाइलवर फुकट दिसलेली आयपीएल २०२५ ला वर्गणीवर गेली. आधी सवय लावायची, मग दर. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हा धंदा नवा नाही.

वेळापत्रक म्हणजे काही ग्रहणाची वेळ नव्हे. ते बदलतं, फक्त बदलायला लावणारं कुणीतरी लागतं. इंग्लंडमध्ये फुटबॉल हा केवढा मोठा धंदा, तरी तिथं शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच कुठलीच फुटबॉल मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानात जावं, म्हणून साठच्या दशकापासून हा नियम आहे. जर्मनीत टीव्हीसाठी सोमवारी रात्री सामने ठेवले, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकले. कामावर जाणाऱ्यानं सोमवारी परगावी मॅचला जायचं कसं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी सोमवारचे सामने पुढच्या करारातून काढायचं ठरलं. आमच्याकडं टेनिस बॉल भरपूर आहेत.

आणि आपल्याकडंही एकदा वेळापत्रक वाकलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यात गेली होती. भिगवणच्या बाजूला पाण्याखालची जुनी गावं उघडी पडली होती. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला लावल्या. फायनल मुंबईहून बंगळुरूला गेली, पुण्याच्या संघाचं घर विशाखापट्टणमला. कुणाचं दिवाळं निघालं नाही, आयपीएल पार पडली.

उलट, खेळाचं कॅलेंडर पुरतं धंद्याच्या हवाली केलं की काय होतं, ते फुटबॉलवाल्यांना विचारा. फेडरेशन आणि तिच्या व्यावसायिक भागीदाराचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. पुढचं काही ठरेना, म्हणून त्या जुलैतच इंडियन सुपर लीग थांबवून ठेवली. नंतर निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. खेळाडू पोटाची चिंता करत बसले. बालेवाडीत खेळणारा पुण्याचा संघ तर २०१९ मध्येच गुंडाळला गेला होता.

आमच्याकडं चैत्र-वैशाख म्हणजे जत्रा. दुपारी कुस्त्यांचा हगामा, रात्री कबड्डी. हल्ली पंच कमिटी वेळ ठरवताना आधी मोबाइलमध्ये त्या दिवशी मुंबईची मॅच आहे का ते बघते. मागच्या खेपेला फायनलची कबड्डी चालू असताना निम्मं पब्लिक मंडपाच्या खांबाला टेकून खाली मान घालून उभं होतं. जिंकलेल्या पोरांनी उड्या मारल्या तेव्हा मागून एक जण ओरडला, "औट हाय का?"

माझं मागणं लहान आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण प्रसार भारतीला द्यावं, असा २००७ चा कायदा आहे. कुठले सामने महत्त्वाचे, हे केंद्र सरकार ठरवतं. भारताच्या बऱ्याच मॅचेस त्या यादीत आहेत, आयपीएल नाही. फ्री डिशवर आयपीएलची एखादी मॅच दिसलीच तर ती मालकाच्या मर्जीनं. प्लेऑफ आणि फायनल त्या यादीत घाला. कंपनी बुडणार नाही, कारण त्याच कायद्यात जाहिरातीच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्क घेणाऱ्यालाच आहे. आणि पुढच्या लिलावाच्या निविदेत एक कलम घाला, की फायनल संध्याकाळी सहाला सुरू होईल. २०२७ नंतरचे हक्क पुन्हा विक्रीला येतीलच, म्हणजे हे कलम लिहायला वेळ आहे. आमच्या खासदार, आमदारांनी कालव्याच्या बैठकीत टेबलावर जेवढे हात आपटले, त्यातला एक इकडं आपटावा.

आण्णांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सहाला घेतली तर बरंच हाय. पर त्या टायमाला धारा आसत्यात, ते बी लिही."