नाटक कोणी पाहिले आहे?

मी प्रथम वर्षाला असतानाची गोष्ट. नाटक हा वाङ्मयप्रकार शिकवायला त्या दिवशी सुरुवात व्हायची होती. सरांनी हजेरी घेतली, पुस्तक मिटले आणि विचारले, "तुमच्यापैकी नाटक कोणी पाहिले आहे?" भरलेल्या वर्गात चार हात वर झाले. "बाकीच्यांनी निदान एकदा तरी मुंबईला जाऊन चांगले नाटक पाहा," असे म्हणून सर फळ्याकडे वळले आणि नाटकाचे घटक लिहू लागले. पहिला घटक होता, संहिता.

मी हात वर केला नाही. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी दशावतारी नाटक होते. आजूबाजूच्या चार गावांतही होते. समज आल्यापासून मी अशी तीसएक नाटके तरी पहाटेपर्यंत जागून पाहिली असतील. आमच्या घरी त्याला 'नाटक' असेच म्हणतात, दुसरा शब्दच नाही. "चल, नाटक बघूक जाव्या," असे आई म्हणते. पण वर्गात सरांनी तोच शब्द उच्चारला आणि माझ्या मनात ते काही आलेच नाही. विसरले होते असेही नाही. घरातला शब्द आणि वर्गातला शब्द दिसायला एक असले, तरी ते वेगळे आहेत हे कोणी न शिकवताच मी शिकले होते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी मी जे शिकले त्यात हे सर्वांत लवकर शिकले.

तेव्हापासून मुंबईचे नाटक डोक्यात बसले. गेल्या मे महिन्यात योग आला. नालासोपाऱ्याला काका राहतात. आजोबा, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी असे पाच जण कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने निघालो. नालासोपाऱ्यात दोन दिवस पाहुणचार झाला. तिसरा दिवस माझा होता. दुपारी चांगल्या हॉटेलात जेवण, रात्री दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक आणि मध्यरात्रीच्या गाडीने परत, असा बेत मी आखला होता. पैसे अर्धे माझ्या शिष्यवृत्तीचे, अर्धे बाबांचे.

हॉटेल मी मोबाइलवर छायाचित्रे पाहून निवडले. परळच्या बाजूला एका जुन्या गिरणीच्या आवारात ते आहे. गिरणी गेली, आवार राहिले, त्यात काचेच्या इमारती आणि खाण्याची ठिकाणे आली. गिरणगावात आता ही नवलाची गोष्ट नाही. ज्या आवारात मी सगळ्यांना जेवायला नेत होते, त्याच्या फाटकातून आजोबा सोळा वर्षे रोज आत जात होते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. आजोबा गिरणीत होते एवढेच माहीत होते. कोणत्या, हे मी आजवर विचारले नव्हते.

आत थंडगार हवा होती. जेवणाचे कार्ड इंग्रजीत. मी ते वाचत होते आणि वाचता येते याचा मला अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकते. आईने विचारले, "ह्येच्यात भात खंय असा गो?" मी म्हटले, "आई, हळू बोल." बाबांनी एका पदार्थाची किंमत मोठ्याने वाचली. त्यांनाही मी तेच म्हटले. वाढायला आलेल्या मुलाशी मी हिंदीत बोलले. आजोबांनी त्याला सरळ मालवणीतच विचारले, "हय खयतरी आमचा साचाखाता होता, ता खय?" त्याला काही समजले नाही. तो माझ्याकडे पाहून हसला आणि मीही त्याच्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात मी कोणाच्या बाजूला होते हे आज लिहिताना स्पष्ट दिसते.

साचाखाते म्हणजे जिथे माग चालतात ते. आजोबा तिथे आधी बदली कामगार होते, मग कायम झाले. त्यांना गहिवर वगैरे आला असेल असे कोणी समजू नये. ते म्हणाले, तेव्हा इथे श्वास घेतला की कापसाचा तूस नाकात जाई, आज हवा चांगली आहे. मग ते जेवू लागले. पाच माणसांचे बिल एक हजार आठशे साठ रुपये झाले. आईची काजूच्या कारखान्यातली आठवड्याची मजुरी साधारण तेवढीच.

आजोबा त्या काळी कुठे जेवत, हे मी बाहेर आल्यावर विचारले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. लालबागला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. एका खोलीत तीसेक माणसे. ज्याची पाळी असेल तो कामावर, उरलेले झोपलेले. जेवण खाणावळीत. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीतल्या एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात पाट मांडून पंगत बसे, आणि हिशेब महिन्याच्या पगाराला. गिरणगावात अशा शेकडो बाया होत्या. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. हे मी ग्रंथालयात वाचले होते, टिपणही काढले होते. माझ्याच घरातला माणूस त्या पंगतीत बसलेला आहे हे टिपणात नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आजोबा सहा महिने थांबले आणि गावी आले. खाणावळवालीचे चार महिन्यांचे पैसे द्यायचे राहिले होते. तिने एकदाही तोंडाने मागितले नाहीत म्हणे. दोन वर्षांनी आजोबांनी मनीऑर्डर केली, ती परत आली. त्या पत्त्यावर आता ती बाई राहत नव्हती.

हे सांगताना आजोबा प्लाझासमोरचा रस्ता ओलांडत होते, त्यामुळे पुढचे बोलणे राहिले.

नाटकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हे परीक्षण नव्हे. दोन अंकी, कौटुंबिक, चांगले नाटक होते. आम्ही बाल्कनीत बसलो, तिकीट तीनशे. मी घरूनच सर्वांना सूचना दिल्या होत्या. मोबाइल बंद ठेवायचा, मध्ये बोलायचे नाही, पिशवीतून काही काढून खायचे नाही. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले आणि ध्वनिक्षेपकावर नेहमीची घोषणा सुरू झाली. रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना अभिवादन वगैरे. आजोबा उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली आणि पडद्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. मागून कोणीतरी म्हणाले, "आजोबा, बसा ना, दिसत नाहीये." दोघे-तिघे हसले. मी आजोबांची बाही ओढली. जरा जोरातच ओढली.

ते बसले. काही बोलले नाहीत. मध्यंतरात बटाटेवडा खाताना मी विचारले, उभे का राहिलात? तेव्हा म्हणाले, "तेंनी आपणाक नमस्कार केल्यानी. आपण बसान कसा ऱ्हवाचा?"

सातशे-आठशे माणसांच्या त्या गर्दीत ती घोषणा खरी मानणारा बहुधा तो एकच माणूस होता. दशावतारात आधी गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुर येतो, आणि मग आख्यान लागते. गणपती आला की आमच्या गावात सगळे हात जोडतात. नाटक पाहायचे कसे याचे वळण आजोबांना होते. ते मला नव्हते असे नाही, मी ते गाडीत बसतानाच गावी ठेवून आले होते.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे गावचे ते सोने आणि शहरचे ते पितळ, हेच सांगायचे आहे ना? नाही. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांसमोर दशावताराची दहा मिनिटे ठेवून मग 'आपली समृद्ध लोककला' यावर भाषण करतात, त्या जातीचे कौतुक मला करायचे नाही. दशावतारात स्त्रीचे काम पुरुष करतो. कितीही सुंदर केले तरी ती सती असते, राणी असते, नाही तर राक्षसीण असते, आणि तिचे पुढे काय होणार हे आम्हाला जन्मापासून माहीत असते. त्या रात्री रंगमंचावर एक बाई होती. साधी, नोकरी करणारी, पन्नाशीची. दुसऱ्या अंकात तिने आपल्या नवऱ्याला शांतपणे सांगितले की तीस वर्षांत तू मला एकदाही 'जेवलीस का' म्हणून विचारले नाहीस. एवढेच. आरडाओरडा नाही, संगीत नाही. माझ्या शेजारी आई बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाबा पलीकडे होते, त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

नाटक सुटल्यावर स्टेशनाकडे चालताना मी आईला म्हटले, असे संवाद मालिकांत रोज असतात की. आई म्हणाली, "टीव्हीतली बायल आपल्याक बघना नाय. ही माझ्याकडेच बघीत होती."

नाटक म्हणजे काय यावर मी परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहिले आहे. हे वाक्य त्यात नव्हते.

तेव्हा सरांचा सल्ला चुकीचा नव्हता. मुंबईचे नाटक पाहायलाच हवे होते, आणि माझ्यापेक्षा आईने पाहायला हवे होते. माझा आक्षेप प्रश्नाला आहे. "नाटक कोणी पाहिले आहे?" याऐवजी "कोणकोणते नाटक पाहिले आहे?" असे विचारले असते तर वर्गातला जवळजवळ प्रत्येक हात वर गेला असता. मग फळ्यावरचा पहिला घटक संहिता आहे की नाही यावरही वाद झाला असता, आणि तो व्हायला हवा. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कोणी काय व्हायचे ते ठरते, नट स्वतःचा रंग स्वतः लावतो आणि बोलणे उभ्या उभ्या रचतो. एका बाकावर सिंहासन, तेच बाक अरण्यातला खडक. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा अशी त्या नटांची गत आमच्याकडे म्हणीतच सांगतात. अशा नाटकातून काय शिकायचे हा प्रश्न अभ्यासाचा आहे, अभिमानाचा नाही. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले. गावातल्या मंडळींनी बसवलेल्या नाटकाची फजिती हाच त्याचा विषय, भाषा मालवणी. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. म्हणजे शहराच्या नाट्यगृहात आमची बोली गेली, आमचे नाटकही गेले. पण वर्गात ते अजून हात वर करायला भिते.

आणखी एक साधी गोष्ट. मुंबई आम्हाला लांब आणि महाग, हे खरे. पण मुंबईची नाटके दौऱ्यावर येतात. मालवणला मामा वरेरकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. मात्र तिथे रात्री साडेदहाला नाटक सुटल्यावर आमच्या गावाला जाणारी एस.टी. नसते. दादरला नाटक सुटले तर बारानंतरची गाडी मिळते आणि सकाळी आपण कुडाळला. म्हणजे आमच्या जिल्ह्यातले नाटक पाहून घरी येणे हे मुंबईचे नाटक पाहून येण्यापेक्षा अवघड आहे. महाविद्यालयाची सहल दरवर्षी थंड हवेच्या ठिकाणी जाते. एका वर्षी तीच बस रात्री मालवणला नेली आणि विद्यार्थिनींना गावोगावी सोडत परत आणली तर काय बिघडेल? आणि प्रत्येकीने आईला बरोबर आणावे. आयांचे तिकीट आम्ही काढू.

त्या रात्री काका सामान घेऊन दादरच्या फलाटावर उभे होते. गाडी सुटल्यावर बाबांनी आईला विचारले, "तू जेवलंस काय?" संध्याकाळपासून आम्ही सगळेच फक्त वड्यावर होतो आणि हे त्यांना ठाऊक होते. आई म्हणाली, "भूक नाय." आजोबा टोपी तोंडावर घेऊन झोपले होते. मला त्यांना बाहीबद्दल काहीतरी म्हणायचे होते. पनवेल गेले, रोहा गेले, ते जागे झाले नाहीत.

आमच्या गावचा दहीकाला यंदाही आहे. सरांना मी बोलावले आहे. सुरू व्हायला रात्रीचे बारा वाजतील आणि पहाटे हंडी फुटेपर्यंत उठायचे नसते, हेही सांगितले आहे. सर येतो म्हणाले. बसायला गोणपाट आजोबा देणार आहेत.