बोल अडला, सूर चालला

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या यजमानांना दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून पुरता वळत नाही आणि बोलणे तर जवळजवळ गेलेच आहे. पाणी हवे असले तरी ‘ते, ते’ यापलीकडे शब्द उमटत नाही. मात्र गणपतीत घरी आरती सुरू झाली, तेव्हा हेच गृहस्थ सर्वांबरोबर स्पष्ट शब्दांत आरती म्हणू लागले. घरच्यांना आनंद झाला, पण पाठोपाठ कुजबुजही सुरू झाली. आरती म्हणता येते, मग पाणी मागता का येत नाही? हा हट्ट तर नव्हे? पत्राच्या शेवटी बाई लिहितात, ‘माझ्याही मनात ती शंका आली आणि त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावले.’

हा हट्ट नव्हे. या अवस्थेला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या एका रुग्णाचे वर्णन केले. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागात इजा आढळली. बहुतेकांच्या बोलण्याची सूत्रे डावीकडे असतात आणि उजव्या हाताचीही तिथेच. म्हणून उजवे अंग आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. गाण्यासाठी मात्र मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात. शिवाय लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेली आरती शब्द शोधून म्हणावी लागत नाही, एका ओळीमागून दुसरी आपोआप येते. पाणी मागताना शब्द आठवून, जुळवून उच्चारावा लागतो, आणि नेमकी तीच वाट बंद झालेली असते. यात चालीचा वाटा किती, लयीचा किती आणि पाठांतराचा किती, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

मग आरती म्हणता म्हणता बोलणे परत येईल का? येथे खोटी आशा दाखवणे योग्य नाही. आरतीतले शब्द बहुधा आरतीतच राहतात. त्यांचा बोलण्यासाठी उपयोग करून घेण्याची एक वेगळी पद्धत आहे. १९७३ च्या सुमारास बॉस्टनच्या तज्ज्ञांनी ती विकसित केली. ‘पाणी दे’, ‘भूक लागली’ अशी रोजच्या गरजेची छोटी वाक्ये चढ्या आणि उतरत्या अशा दोनच सुरांत, अगदी सावकाश म्हणायची. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने हलका ठेका धरायचा. आधी उपचारतज्ज्ञ बरोबर म्हणतो, मग हळूहळू मागे सरतो, शेवटी सूरही कमी होत जातो आणि साधे बोलणे उरते. ज्यांना दुसऱ्याचे बोलणे बऱ्यापैकी समजते पण स्वतःला उच्चारता येत नाही, अशांना ही पद्धत अधिक उपयोगी पडते. ती शिकवण्यासाठी स्पीच थेरपिस्ट हवाच. ठेका आणि सराव मग घरचे माणूस चालू ठेवू शकते.

नुसते ऐकणेही वाया जात नाही. फिनलंडमध्ये पक्षाघाताच्या सुमारे ६० रुग्णांचे तीन गट केले गेले. एक गट दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐके, दुसरा ध्वनिमुद्रित पुस्तके, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांहून अधिक सुधारली. ‘आवडीचे’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. नाट्यगीतांवर वाढलेल्या माणसापुढे सुनेने ‘शांत संगीत’ म्हणून बासरी लावून ठेवावी, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. बिचारे बोलू शकत नाहीत म्हणून ऐकून घेतात!

पार्किन्सन्समध्ये हेच काम लय करते. अडखळणारे पाऊल तालावर पडू लागते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांसाठी नर्तक हृषीकेश पवार यांनी तसे वर्ग घेतले. तोल जाण्याची भीती असल्यास खुर्चीत बसूनही सुरुवात होते. औषधे मात्र चालूच ठेवायची.

निरोगी वृद्धांचे काय, असे कोणी विचारील. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ जणांच्या पाहणीत, नाचणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या, वाचणाऱ्या आणि पटावरचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु ज्यांचा मेंदू आधीच थकू लागला आहे ते हे छंद लवकर सोडतात, असेही असू शकेल. म्हणून यास पुरावा न म्हणता आशादायक खूण म्हणावे.

पत्र लिहिणाऱ्या बाईंना आम्ही कळवले आहे की, रागावल्याचे फार मनाला लावून घेऊ नका; ही गोष्ट तुम्हाला झटक्यानंतर कोणीतरी समजावून सांगायला हवी होती. जिल्हा रुग्णालयात स्पीच थेरपिस्टची चौकशी करावी. पाहुण्यांसमोर ‘आता म्हणून दाखवा’ असा आग्रह धरू नये. सायंकाळी दिवा लावल्यावर दोघांनी मिळून आरती म्हणावी, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेऊन. आणि सरावाचे पहिले वाक्य कोणते, हे त्यांनाच खुणेने निवडू द्यावे. कदाचित ते पाण्याऐवजी चहा निवडतील.