क्लेअर घराण्याच्या तीन बहिणी

स्कॉटलंडमधल्या बॅनॉकबर्नच्या लढाईत १३१४ साली ग्लॉस्टरचा तरुण अर्ल गिल्बर्ट द क्लेअर मारला गेला. मागे मूल नव्हते. इंग्लंडचा तेव्हाचा कायदा असा की, मुलगा असेल तर थोरल्याला सगळे. मुली किंवा बहिणीच उरल्या तर सारख्या वाटण्या. त्यातही विधवा मॉड वर्ष उलटले तरी आपण गरोदर असल्याचे सांगत राहिली! वाटणी झाली ती १३१७ मध्ये.

एलिनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ या बहिणींना एकेक हिस्सा मिळाला. मिळाला म्हणायचे, एवढेच. जमीन बायकोची, ताबा नवऱ्याचा. एलिनॉरचा नवरा ह्यू डिस्पेन्सर राजा दुसऱ्या एडवर्डचा लाडका. त्याने मेहुणी एलिझाबेथची वेल्समधली अस्कची जहागीर दडपण आणून बळकावली. १३२६ साली तो फासावर गेला, तेव्हा कुठे ती परत आली.

बँकेत वारसांची कागदपत्रे तपासताना अशा सह्या मी पुष्कळ पाहिल्या. नाव बाईचे, निर्णय भलत्याचाच. म्हणून मला एलिझाबेथचे मोल वाटते. तिचे तीन नवरे वारले. चौथा तिने केला नाही. १३६० मध्ये मरेपर्यंत जमिनी तिने स्वतः सांभाळल्या. तिच्या घरखर्चाचे हिशेब आजही वाचायला मिळतात. केंब्रिजच्या एका अडचणीतल्या कॉलेजलाही तिने हात दिला. त्याचे नाव पडले क्लेअर, तिच्या माहेरचे.