मे महिन्यातला बर्फ

परीक्षा आटोपल्या की कॉलेजातील मुलामुलींना हिमालयाची ओढ लागते. पूर्वी आपल्या घरांना हे परवडत नव्हते. आता आई भिशीचे पैसे पुढे करते, बाप ओव्हरटाइम करतो आणि पोरगा किंवा पोरगी हिमाचलातील कुलू जिल्ह्यात कसोलला जाते. तेथून सार पासची वाट चढते. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन अनेक वर्षे मे महिन्यात या वाटेवर तुकड्या पाठवत आली आहे. मुलांनी जरूर जावे, असेच आमचे मत आहे. मात्र जाण्यापूर्वी काही गोष्टी घरात बोलल्या जाव्यात.

कळसूबाई चढलो, मग भ्यायचे कशाला, असे मुले म्हणतात. कळसूबाई १६४६ मीटर उंच. सार पास सुमारे ४२०० मीटर. खाली कसोलला ऊन, ग्रहण गावापुढे जंगल आणि कुरणे, आणि नगारूच्या मुक्कामापाशी बर्फ. मे महिन्यातला हा बर्फ दिवसातून रूप पालटतो. उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री तोच पुन्हा गोठतो. पहाटे तो माणसाचे वजन पेलतो, पण घसरडा असतो. ऊन चढले की भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणूनच शेवटच्या मुक्कामावरून अंधारातच निघतात. दुपारी ढग भरून येतात, ते वेगळेच. वाटाड्या तीनला उठवतो तेव्हा कुरकुर करू नये.

त्याच्या पावलावर पाऊल टाकावे. बर्फातून वर आलेल्या खडकाशेजारी फोटोसाठी जाऊ नये. खडक तापतो आणि त्याभोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो. ओढ्यावरचा बर्फही वरून भक्कम दिसतो, खालून पाण्याने पातळ झालेला असतो.

खर्चाचे म्हणाल, तर महागड्या जाकिटाची गरज नाही. घरचा लोकरी स्वेटर आणि वर पाऊस अडवणारा कोट चालतो. जीन्स मात्र नको. भिजली की वाळत नाही आणि अंग गारठवते. पायमोजे तीन-चार जोड द्यावेत. काटकसर करू नये ती गॉगलमध्ये. बर्फावरून उलटलेले ऊन डोळे भाजते, ढगाळ हवेतही. त्रास काही तासांनी सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. फुटपाथवरची नुसती काळी काच उपयोगाची नाही, अतिनील किरणे अडवणारीच घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. उंचीवर हवा विरळ असते. डोके दुखते, मळमळते, जेवण जात नाही. हे कोणालाही होते, तालमीत कमावलेल्या पोरालाही. अशा वेळी वर चढायचे नसते, तिथेच थांबायचे असते. त्रास वाढला तर खाली उतरायचे असते. चालताना झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता उतरवावे लागते. पण आपली मुले हे लपवतात. का? घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे भरलेत, आता अर्ध्यातून परत कोणत्या तोंडाने जायचे? मित्र हसतील, ही दुसरी भीती. पैसेवाल्याचा मुलगा पुढल्या वर्षी पुन्हा येईल. आपल्याला ती खात्री नसते, म्हणून आपला पोर दुखते डोके घेऊन चढत राहतो. वाटाड्याला हे दिसत नाही, सांगितले तरच कळते.

तेव्हा माता-पित्यांनी गाडीत बसवण्याआधीच स्पष्ट म्हणावे : 'बाळा, मध्येच परत आलास तरी घरात कोणी पैशांचा शब्द काढणार नाही.' आणि खरोखर काढू नये, शेजारणीपाशीसुद्धा नाही.

वर गेल्यावर फोन लागेलच असे नाही. वाट बरशैणीला गाडीरस्त्यावर उतरते, तेथून मुले फोन करतात. तोवरचे चार-पाच दिवस धीर धरावा. निघण्यापूर्वी आयोजकांचा नंबर मात्र घरात लिहून ठेवावा.