लेखणी अडते ती परीक्षणापायी

दिवाळी अंकाला मजकूर द्यायची तारीख तोंडावर येते, कागद कोराच असतो आणि ‘आतून काही येत नाही’ हे कारण हटकून पुढे केले जाते. त्यामागचा समज जुना आहे: लेखन हे प्रतिभेचे देणे, ती प्रसन्न होईपर्यंत वाट पाहावी, ओढूनताणून लिहिलेले कसदार नसते. लेखकाचा मान राखणारा हा समज खरा मात्र नाही, आणि नव्याने लिहू लागलेल्यांचे त्याने फार नुकसान केले आहे. लिहिणे आणि लिहिलेले तपासणे ही दोन कामे आपण एकाच बैठकीत करू पाहतो, म्हणून बहुतेक वेळा लेखन अडते, असे माझे ठाम मत आहे.

माइक रोझ या अमेरिकन अभ्यासकाने लॉस एंजेलिसमधील दहा विद्यार्थ्यांच्या लेखनाचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. पाच जणांचे लेखन वारंवार अडे, पाच जणांचे सुरळीत चाले. अडणारे बुद्धीने कमी नव्हते. त्यांनी स्वतःला घालून घेतलेले नियम ताठर होते. एक विद्यार्थिनी प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात निर्दोष उतरावे म्हणून अडून बसे. दुसरी दिवसचे दिवस गुंतागुंतीचा आराखडा आखी आणि प्रत्यक्ष लिहायला वेळच उरत नसे. सुरळीत लिहिणाऱ्यांकडेही नियम होते, पण एखादा अडचणीचा ठरला की ते तो बाजूला ठेवत. म्हणजे अडथळा अकाली निवाड्यात होता. वाट पाहिल्याने तो दूर होईल, हेही खरे नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्राध्यापकांचे तीन गट होते: एकाने अत्यावश्यक सोडून काही लिहायचे नाही, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचे, तिसऱ्याने ठरल्या वेळी लिहायचेच, चुकल्यास त्याच्या पैशांतून नावडत्या संस्थेला देणगी जाणार. तिसऱ्या गटाची पाने सर्वांत जास्त भरली, आणि नव्या कल्पनाही त्यालाच अधिक सुचल्या.

‘हे पाश्चात्त्य कारखानदारीचे गणित झाले, आपली परंपरा प्रतिभेची आहे,’ असा आक्षेप येईल. परंपरेचीच साक्ष काढू. मम्मटाने काव्यप्रकाशात शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिन्हींना मिळून काव्याचे एकच कारण मानले; नुसत्या शक्तीवर त्याने भागवले नाही. आपल्या पणजोबांचा, अकालजलदाचा, ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून गौरव करणाऱ्या राजशेखराने तर काव्यमीमांसेत कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला आहे. पहिल्या प्रहरी अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्याचे परीक्षण. रचनेच्या प्रहरात परीक्षणाला जागाच नाही. ते टाळलेले नाही, पुढे ढकललेले आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः छापली. अंकाची तारीख डोक्यावर असताना लिहिलेली ही कादंबरी मराठीत मैलाचा दगड ठरली. ठरल्या वेळी लिहिलेले हिणकसच उतरते, या म्हणण्याला याहून सबळ उत्तर नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शोकाने, नैराश्याने किंवा दहशतीने गप्प झालेल्या लेखकाला वेळापत्रक दाखवणे क्रूरपणाचे नाही का? निश्चितच आहे. नैराश्याला डॉक्टरची गरज असते, आणि दहशतीचा दोष दहशत घालणाऱ्यांच्या पदरात टाकायला हवा. अशा मौनाला लेखन अडणे म्हणू नये. वर्षानुवर्षे न लिहिता वाचणारा, टिपणे काढणारा लेखकही अडलेला नाही. तो पहिल्या प्रहरात आहे. माझे म्हणणे त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्याकडे सांगण्यासारखे आहे आणि ज्यांना पहिले वाक्य पुढे जाऊ देत नाही. त्यांनी लिहिण्याची वेळ ठरवावी, त्या वेळेत खोडाखोड करू नये, आणि तपासणी दुसऱ्या बैठकीत निर्दयपणे करावी.

याची सुरुवात शाळेपासून व्हावी. निबंधाच्या वहीत पहिलाच खर्डा लाल शाईने तपासून गुण दिले, की मूल प्रत्येक शब्दाआधी निकालाला भिऊ लागते, आणि ती भीती मोठेपणीही हात सोडत नाही. शिक्षकांनी पहिला खर्डा बिनगुणांचा ठेवावा, त्यावर मुलाशी बोलावे आणि गुण दुसऱ्या खर्ड्याला द्यावेत. एवढ्याने कितीतरी हात लिहिते राहतील.