विश्वस्त की मालक?

खेडेगावात राहणाऱ्या मनुष्याचे शेजाऱ्याशी भांडण जुंपलेच, तर ते बांधावरून अगर सांडपाण्यावरून जुंपत असे. शहरात आलेल्या मनुष्याचे घर मात्र दुसऱ्याच्या छतावर उभे असते. त्याचे पाणी, त्याचा जिना, जिन्यातील दिवा, वाहन ठेवण्याची जागा, हे सर्व सामाईक. सामाईक गोष्टींची व्यवस्था कोणीतरी पाहिली पाहिजे, म्हणून सोसायटीचे सभासद आपल्यातूनच काही जणांची व्यवस्थापक समिती निवडतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंतीच पुढे महागात पडते. ज्यांना आपण कारभार पाहावयास नेमले, ते कारभाराचे धनी केव्हा होऊन बसले, हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचा या गोष्टीशी रोजचा संबंध आहे. वडोदरा, इंदूर, हैदराबाद, मडगाव येथे आपली कुटुंबे इमारतींतून राहतात; मुलेबाळे मुंबई-पुण्यास सोसायट्यांत बिऱ्हाडे करून आहेत. अन्यायाचे प्रकार सगळीकडे साधारण एकाच जातीचे असतात. पती निवर्तल्यावर सदनिका आपल्या नावे करून घ्यावयास गेलेल्या बाईला इमारत निधीसाठी भलीमोठी 'देणगी' सांगितली जाते, आणि ती दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. कोणी हिशेब मागितला की आठवड्याभरात त्याच्या वाहनाची जागा बदलते. कोणाची वर्गणी दोन महिने थकली की त्याचे पाणी बंद होते. रंगकामाचा ठेका सेक्रेटरींच्या आप्ताला मिळतो, आणि दरपत्रके किती आली होती हे विचारणारा 'भांडखोर' ठरतो. शेवटी त्या कुटुंबाशी बोलणेही इतरांना जोखमीचे वाटू लागते. बाहेरच्या अन्यायापासून मनुष्य घरात येऊन सुटका करून घेतो. पण अन्याय दारातच उभा असेल, तर त्याने जावे कोठे?

या व्यवस्थेचा उगम पाहिला म्हणजे ती मुळात किती वेगळ्या हेतूने जन्मास आली हे उमगते. १८८९ साली वडोदऱ्यातील काही मध्यमवर्गीय गृहस्थांनी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापिली. त्या वेळी आपल्या देशात सहकाराचा कायदादेखील नव्हता. तो १९०४ साली आला. पुढे १९१५ साली मुंबईच्या गावदेवी भागात श्रीपाद सुब्राव तल्माकी यांच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. 'अन्योन्य' म्हणजे परस्परांचे. एकट्याला न झेपणारे ओझे अनेकांनी मिळून उचलावे, आणि उचलताना प्रत्येकाचा शब्द सारख्याच वजनाचा मानावा, हा सहकाराचा आत्मा होय. म्हणूनच ज्याची सदनिका मोठी त्याची मते अधिक, असे सहकारात नसते. सभासद एक, मत एक.

यावरून एक गोष्ट उघड होते, आणि सर्व विवेचनाचे सार तिच्यातच आहे. समितीला स्वतःचा असा कोणताही अधिकार नाही. कायदा, नियम, नोंदलेले उपविधी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव, या चौकटीत जे बसते तेवढेच तिच्या हाती आहे. 'आमच्या सोसायटीत असेच चालते' हे वाक्य कितीही दरडावून उच्चारले, तरी त्याने अधिकार निर्माण होत नाही.

महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ, कारण तेथील नियम बरेच रेखीव आहेत. सदनिकेचे हस्तांतर करताना जे अधिमूल्य सोसायटीला घेता येते, त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्याहून अधिक रक्कम देणगी म्हणून सक्तीने मागता येत नाही. मालक स्वतः न राहता भाडेकरू ठेवील, तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. थकबाकीवरील व्याज आदर्श उपविधींनुसार द.सा.द.शे. २१ पर्यंत, तेही सरळव्याजाने. आणि थकबाकी वसूल करावयाची तर त्यासाठी निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविण्याचा राजमार्ग कायद्यानेच आखून दिला आहे. तहानलेल्या मुलांना वेठीस धरणे हा तो मार्ग नव्हे.

लिखित उपविधीचे वजन किती, हे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. गुजरातेतील झोरोआस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निर्णय दिला की, सभासदत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी रीतसर नोंदलेला असल्यामुळे तो संस्थेवर व सभासदांवर बंधनकारक आहे. हा निर्णय कोणाला रुचो अगर न रुचो. पण त्यातून एक बोध घेण्यासारखा आहे. तेथे न्यायालयाने आधार घेतला तो नोंदलेल्या उपविधीचा. ज्या सोसायटीच्या उपविधींत असे काही लिहिलेलेच नाही, तेथे 'अमुक धर्माच्या मनुष्यास घर विकावयाचे नाही' असे समितीने परस्पर ठरविले, तर त्या फर्मानाला हा आधार लाभत नाही. म्हणून आपल्या सोसायटीचे उपविधी वाचलेच पाहिजेत. वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्या कित्येकांनी ते पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलेही नसते.

मग अन्याय झालेल्या सभासदाने करावे काय? पहिली गोष्ट, आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे नोंदणीपत्रावरून पाहावे. गोव्यात २००१ चा, गुजरातेत १९६१ चा, कर्नाटकात १९५९ चा, मध्य प्रदेशात १९६० चा, तेलंगणात १९६४ चा सहकारी संस्था कायदा आहे. काही ठिकाणी इमारतीच्या रहिवाशांची संघटना सहकारी संस्था म्हणून नोंदलेलीच नसते. तेथे दाद मागण्याचे दार निराळे असते. २०११ च्या घटनादुरुस्तीने देशभरच्या सहकारी संस्थांना एकच साचा घालून देण्याचा प्रयत्न झाला होता. परंतु राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा त्यातील भाग २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. सबब आपल्या राज्याचा कायदा कोणता, हाच पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट, तोंडी वाद टाळून लेखी अर्ज करावा. जिन्यात झालेल्या बाचाबाचीला साक्षीदार नसतो, आणि असलाच तर तो ऐनवेळी आठवण हरवून बसतो. अर्ज थोडक्यात लिहावा. काय घडले, केव्हा घडले, कोणत्या उपविधीचा भंग झाला आणि आपली मागणी काय, एवढेच. विशेषणे घालू नयेत. प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावा. लेखापरीक्षित हिशेब, सभांचे इतिवृत्त, सभासदांची नोंदवही इत्यादी कागद पाहण्याचा सभासदाचा हक्क महाराष्ट्राच्या कायद्याने मान्य केला आहे. तो 'आपणांस काय करावयाचे आहे?' या प्रश्नाने हिरावला जात नाही.

तिसरी गोष्ट अत्यंत महत्त्वाची. रागाच्या भरात वर्गणी थांबवू नये. थकबाकीदार ठरलेला सभासद आपली बाजू स्वतःच लंगडी करतो. त्याला निवडणुकीस उभे राहण्यास अडथळा येतो, आणि मूळ तक्रार बाजूस राहून 'आधी पैसे भरा' एवढेच उरते. आकारणी अन्यायाची वाटली तर 'हरकत राखून भरणा' असे लिहून द्यावे आणि मग त्या हरकतीचा पाठपुरावा करावा.

चौथी गोष्ट, एकट्याने लढू नये. ज्या समितीला एकाचा आवाज दाबता येतो, तिला पंधरांचा दाबता येत नाही. महाराष्ट्रात एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलावावी लागते. सभेत समजूत पटली तर उत्तमच. न पटल्यास निबंधकाच्या कार्यालयाकडे तक्रार, आणि निवडणूक, सभा व कारभार यांविषयीचा वाद असल्यास सहकार न्यायालय. गुजरातेत असे वाद निबंधकामार्फत बोर्ड ऑफ नॉमिनीजपुढे जातात. या वाटा लांबच्या आहेत, हे कबूल केले पाहिजे. पण कागद नीट असलेला मनुष्य त्या वाटेने चालून पोहोचतो.

आता थोडे आपणां सर्वांविषयी. समितीतील पाच जण हुकूमशहा कसे होतात? महाराष्ट्रात वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असते. आदर्श उपविधींनुसार गणपूर्तीस एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे उपस्थित हवेत. तितके आले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा अर्ध्या तासाने भरली की, मग कितीही थोडे जण असोत, काम चालते. म्हणजे ज्या रविवारी साठ कुटुंबे सुटी मानून घरात बसली, त्या दिवशी आठ जणांनी साठांच्या पैशाचा निकाल लावला, आणि तो कायद्याला धरून लावला! मग वर्षभर कुरकुर करण्यास आपणांस तोंड कोठे राहते? जी सत्ता आपण आळसाने सोडली, ती दुसऱ्याने उचलली.

याहून गंभीर अपराध शेजाऱ्याच्या मौनाचा आहे. विधवेचा अर्ज अडविला गेला हे मजल्यावरील सर्वांना ठाऊक असते. 'आपल्याला काय त्याचे' म्हणून प्रत्येकजण दार लोटून घेतो. सभेत एकाने उभे राहून 'या बाईंच्या अर्जाचे काय झाले?' एवढे विचारावे आणि तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. यास फार शौर्य लागत नाही. पण ज्याच्यासाठी तो विचारला जातो, त्याला त्या एका वाक्याने मोठा आधार मिळतो.

समितीतील बंधुभगिनींशीही दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. आपण विनावेतन काम करता, रात्री-अपरात्री पंप बिघडला तर लोक आपलेच दार ठोठावतात, आणि वर बोल लावतात. हे सारे खरे आहे. तथापि सेवेचा मोबदला म्हणून सत्ता मिळत नसते. हिशेब मागणारा सभासद आपला शत्रू नव्हे. तो आपल्या प्रामाणिकपणाचा साक्षीदार होऊ शकतो. वही उघडून दाखविण्यास ज्याला भय वाटत नाही, त्याचा मान आपोआप राहतो. आणि वही लपविणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की, गैरव्यवहाराने संस्थेची झालेली हानी व्यक्तिशः भरून देण्याची पाळी कायद्याने आणता येते.

लढा देताना एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. ज्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा, तो उद्याही याच जिन्यावर भेटणार आहे. त्याच्या घरी आजारपण आले तर धावून जाणारे आपणच असणार आहो. आक्षेप कृत्यावर घ्यावा, कुटुंबावर नको. त्याच्या मुलांशी आपल्या मुलांचे खेळणे थांबवू नये.

येत्या सभेची सूचना फलकावर लागली की तारीख टिपून ठेवावी, आदल्या वर्षीचे इतिवृत्त व हिशेबपत्रक वाचून जावे, आणि शेजारच्या दोन घरांना बरोबर न्यावे. आणि निवडणूक आली की, 'मला वेळ नाही' असे म्हणण्यापूर्वी एकदा विचार करावा. कारण आपणांस वेळ नसतो, तेव्हाच ज्यांना वेळ आहे त्यांच्या हाती आपल्या घराच्या किल्ल्या जातात.