वारा कोणता, वाळवी कोणती?



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते आणि फवारणीचे बोलतो. आज बांधावरून जरा घराकडे वळू. वळवाचे वारे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावाची छपरे उडवतात. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या घरांची कौले आणि पत्रे वाऱ्यावर गेले. अशा वेळी घरधन्यापुढे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. विम्याचे पैसे मिळतील का? आणि दुरुस्ती किती करायची? हे दोन प्रश्न एकात मिसळले की हिशेब चुकतो. म्हणून ते वेगवेगळे कसे सोडवायचे, ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे, घराचा विमा आहे का, हे आधी पाहा. बँकेच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात, म्हणजे घर सुरक्षित झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. तो पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता आहे. ती योजना माणसाच्या अपघातासाठी आहे, घरासाठी नाही. पीकविमा पिकापुरता. घराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. मात्र घरासाठी बँकेचे कर्ज काढले असेल, तर त्यासोबत विमा उतरवलेला असू शकतो आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. बँकेत जाऊन विचारा आणि पॉलिसीची प्रत मागून घ्या. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागली. तीत आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप अशा आपत्तींपासून घराला संरक्षण आहे. गवताचे किंवा बांबूचे छप्पर असेल, तर अटी आधी नीट वाचून घ्याव्यात.

आता मुद्द्याचे. पान पिवळे पडले की तुम्ही लगेच फवारणी करत नाही. खताची कमतरता आहे, पाणी साचले आहे, की मावा-तुडतुड्यांचे काम आहे, हे आधी पाहता, कारण दिसायला एकच असले तरी उपाय वेगळा असतो. पडलेल्या घराचेही तसेच आहे. काही नुकसान वाऱ्याने केलेले असते, काही वाळवीने, ओलीने आणि वर्षानुवर्षांच्या हयगयीने. विमा कंपनी वाऱ्याचे पैसे देते, वाळवीचे देत नाही. झीज, कीड आणि देखभालीचा अभाव यांमुळे झालेले नुकसान विम्यात बसत नाही. विमा घर होते तसे करून देण्यासाठी असतो, होते त्याहून चांगले करून देण्यासाठी नसतो.

म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी शाळेतल्या मुलाची एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘वारा’, उजवीकडे ‘वाळवी’. घरातल्या कर्त्या बाईला सोबत घ्या, कारण कुठली भिंत किती वर्षे ओलावते आहे, हे तिला अधिक ठाऊक असते.

समजा, एका घराचा सगळा खर्च गवंडी आणि सुतार मिळून 1,10,000 रुपये सांगतात. उडालेले पत्रे 48,000, वाऱ्याने मोडलेले वासे 9,000 आणि त्यांची मजुरी 11,000. हे झाले 68,000, डाव्या बाजूला. वाळवीने पोखरलेले वासे 9,000, त्यांची मजुरी 5,000 आणि पायात पाणी मुरून कललेली मागची भिंत 28,000. हे झाले 42,000, उजव्या बाजूला. कंपनीकडे मागायचे ते 68,000. त्यातून मोडक्या मालाची किंमत आणि पॉलिसीत लिहिलेला ‘एक्सेस’, म्हणजे आपण स्वतः सोसायचा वाटा, असेल तर तो वजा होईल. 1,10,000 मिळतील असे धरून सावकाराकडून उचल घेऊ नका.

इथेच खरी गोम आहे. हातात साठेक हजार आले की माणूस चकचकीत पत्रे आणतो आणि छप्पर घालून मोकळा होतो. कललेली भिंत ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून राहते. पण नवे छप्पर त्याच भिंतीवर आणि त्याच पोखरलेल्या वाशांवर बसलेले असते. पुढच्या पावसात भिंत खचली, तर नवे पत्रे तर जातीलच, पण खाली झोपलेली माणसेही धोक्यात येतील. कंपनीने पैसे डाव्या बाजूचे दिले, तरी काम उजव्या बाजूपासून सुरू करावे लागते. आधी पाया आणि भिंत, मग वासे, शेवटी पत्रे. पैसे कमी पडले तर स्वयंपाकघर, धान्याची खोली आणि झोपण्याची खोली आधी झाका. पडवी सोयाबीनच्या किंवा कांद्याच्या पैशावर ठेवा. मात्र कामाचा क्रम ठरवताना विम्याच्या सर्वेक्षकाला आधी विचारा आणि प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवा.

दुरुस्ती करावी की नवेच बांधावे, हाही प्रश्न येतो. विहिरीवरची मोटार एकदा जळली तर आपण रिवाइंडिंग करतो. तिसऱ्यांदा जळली की नवी घेण्याचा विचार करतो. माझा साधा ठोकताळा असा, की दुरुस्तीचा खर्च तेवढेच नवे घर बांधण्याच्या निम्म्यावर जात असेल आणि पायाही धड नसेल, तर डागडुजीत पैसा घालण्याआधी जाणत्या अभियंत्याला घर दाखवावे.

दावा करावा की नाही, तेही तोलून पाहा. चार कौले फुटली, दोन हजारांचा खर्च आहे, तर तालुक्याच्या दोन फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि एक्सेस धरता हाती काही उरत नाही. ते घरखर्चातून भागवावे. पण हंगामाची कमाई खाऊन टाकील एवढे नुकसान असेल, तर संकोच करू नका. हप्ता त्याचसाठी भरलेला असतो.

दावा करायचा तर ही कामे विसरू नका:

त्याच दिवशी कंपनीला आणि कर्ज असल्यास बँकेला कळवा. तक्रार क्रमांक वहीत लिहा.

काही हलवण्याआधी मुलांना मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढायला सांगा.

ताडपत्री घालून धान्य आणि घर वाचवा. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाची जबाबदारीच आहे. ताडपत्रीची पावती ठेवा.

सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत मोडके पत्रे आणि वासे भंगारात घालू नका.

सर्वेक्षकाला खरे तेच सांगा. वाळवीचा वासा वाऱ्याच्या रकान्यात ढकलू नका. त्याला लाकूड कळते, आणि एका खोट्या आकड्यापायी सगळाच दावा फेटाळला जाऊ शकतो.

तलाठ्यांकडून पंचनामाही करून घ्या. सरकारी मदत आणि विमा या वेगळ्या गोष्टी आहेत. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत, किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये होते. सपाट भागात पूर्ण नष्ट झालेल्या घराला 1,20,000 रुपये होते. निकष वेळोवेळी बदलतात, म्हणून ताजा आकडा तहसीलमध्ये विचारा. पण अर्धवट पडलेल्या घराचे छप्पर एवढ्या मदतीत होत नाही, हे ध्यानात येईल.

कंपनीने दावा नाकारला किंवा फारच कमी रक्कम दिली, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे.

शेवटी नव्या छपराविषयी दोन शब्द. पत्र्यावर दगड ठेवल्याने तो थांबत नाही. वरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो आणि वळचणीखाली शिरलेला वारा खालून ढकलतो. मग पत्र्यासोबत दगडही उडतो आणि कोणाच्या तरी डोक्यात बसतो. वळचण फार बाहेर काढू नका. पत्रे वॉशर लावून बोल्टने आवळा, कडेला आणि आढ्याजवळ बोल्ट जवळजवळ घ्या आणि वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडून टाका. हा खर्च थोडा आहे, आणि तो वादळाआधी करण्याचा आहे.

या रविवारी ट्रंकेतली कागदपत्रे काढा, घराभोवती एक फेरी मारा आणि उजव्या बाजूचा रकाना आजच भरायला घ्या. वाळवीचा हिशेब ज्याने आधी मिटवला, त्याला वाऱ्याचा हिशेब जड जात नाही.